एक पट्टी खाली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज का सांगतेय — खरंच ठाऊक नाही.

मी अमेरिकेत शॉमबर्गला राहते आणि ऑपेराच्या गायकांना रियाजाला पियानोची साथ करते. डीटर हे जर्मन टेनर. पुरुषांचा सर्वांत चढा आवाज तो. तरुणपणी त्यांनी नायकाची कामं गाजवली. पुढे इकडे अमेरिकेत नोकर, निरोप्या असली दोन ओळींची कामं करत तग धरला. माझी मुलं त्यांना डीटरकाका म्हणायची. साठी उलटल्यावर त्यांना पुन्हा नायकाचं काम चालून आलं, तेव्हा हो म्हणण्याआधी ते माझ्याकडे आले. गायकाला स्वतःचा आवाज खरा ऐकू येत नाही, म्हणाले. वरचा सूर गेला असेल तर तू सांग — मी मानाने नाही म्हणेन.

सूर गेला होता. पहिल्याच दिवशी कळलं मला. आवाज चिरकायचा आणि त्यांचा चेहरा असा काही उतरायचा, की —

माझे बाबा नागपूरला भीमगीतांना पेटीवर साथ करायचे. गाणारा दमला की हळूच पट्टी उतरवायचे, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. पण ऑपेरात वाद्यवृंद कुणासाठी खाली येत नाही. मला काय हे माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं! तरी घरच्या डिजिटल पियानोचं बटण दाबून मी गाणं एक पट्टी खाली आणलं. त्यांना न सांगता. पुढच्या आठवड्यात आणखी एक.

वरचा सूर लख्ख लागला. डीटर रडले. वरच्या मजल्यावरून नवरा ओरडला, "अगं, काय फॉर्मात आहेत काका आज! सेलिब्रेट करू या यार!" केलंही आम्ही. डीटरनी काम स्वीकारलं.

दया होती का ती? कसली दया! मला कामं तेच मिळवून द्यायचे. त्यांची मर्जी मोडायचा धीर नव्हता मला, बस्स. कंपनीच्या तालमींत जुने गायक वरचे सूर प्रयोगासाठी राखून ठेवतात. तेही राखत गेले. घरी लागतोय म्हणून निर्धास्त होते.

पहिल्याच प्रयोगात, भर रंगमंचावर, आवाज फाटला. मध्यंतरानंतर त्यांच्या जागी दुसरा गायक उभा राहिला. मी रंगपटात गेले, तर मेकअप तसाच ठेवून ते खुर्चीत बसले होते. मला बघून एवढंच विचारलं, "घरी लागत होता ना?"

तेव्हा तरी — तेव्हा तरी खरं सांगायचं होतं ना?

"लागत होता," मी म्हणाले.

ते पुन्हा कधी गायले नाहीत. जर्मनीला बहिणीकडे निघून गेले. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला, डीटर गेले म्हणून. शेवटपर्यंत एकच सांगत होते म्हणाली — आवाज शाबूत होता माझा, मीच लोकांसमोर घाबरलो.

मी नुसतं "हं" म्हणाले.