बर्फावरून पेटलेली खाडी

आमच्या खाडीतले युद्ध बर्फावरून सुरू झाले. हे वाक्य मी जिथे जिथे उच्चारले आहे, तिथे तिथे लोक हसले आहेत. मोठ्या राष्ट्रांची युद्धे कशावरून होतात असे विचारले, की हीच माणसे तेल, पोलाद आणि सोयाबीन अशी नावे घेतात, आणि तेव्हा मात्र त्यांना हसू येत नाही.

खाडीच्या दोन काठांवर एकाच गावाच्या दोन वाड्या आहेत. आमच्या काठावर बर्फाचा कारखाना आणि ग्रामदेवाचे देऊळ. पलीकडे खोल पाण्याचा धक्का आणि पर्यटकांच्या गाड्या थांबतात तो रस्ता. इथला बर्फ तिथल्या मासळीवर पडे, आणि तिथले पर्यटक आमच्या होड्यांत बसून डॉल्फिन पाहायला समुद्रात जात. ही व्यवस्था इतकी सुरळीत चालली होती, की तिला व्यवस्था म्हणतात हे कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

मी त्या वर्षी गावी होते ती विश्रांतीसाठी नव्हे. सागरविज्ञानाची पदवी हातात होती, परदेशातल्या एका संस्थेत संशोधनाची जागा जवळजवळ ठरली होती, आणि अट एकच होती: एका खाडीच्या पाण्याची वर्षभराची अखंड नोंद. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, ऐन भरतीत, तीन ठिकाणचे पाणी होडीतून बाटलीत भरायचे: आमच्या काठाजवळचे, मधले आणि पलीकडच्या धक्क्याजवळचे. एक जरी नमुना चुकला, तरी मालिका तुटली आणि तिच्याबरोबर जागाही गेली. माझे वडील दोन काठांमध्ये माणसांची ने-आण करणारी होडी चालवत, त्यामुळे वाहनाची चिंता नव्हती. भरती-ओहोटीचे गणित मला पाठ होते. माणसांचे गणित मी नोंदीत धरले नव्हते.

वर्ष संपत आले असताना एक दिवस कारखान्याचे यंत्र बिघडले. पलीकडच्यांनी दोन-चार दिवस बाहेरून बर्फ आणला, आणि यंत्र दुरुस्त झाल्यावरही तोच आणत राहिले. का, असे आमच्यापैकी कोणी तरी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "तुमचो बर्फ धक्क्यार पोचासर अर्धो पाणी जाता."

सर्व बर्फ एकाच तापमानाला वितळतो, हे मी चहाच्या टपरीवर सांगून पाहिले. दोन्ही पक्षांना या माहितीचा काही उपयोग नव्हता. कारखान्याचे मालक आमच्या होडी संघटनेचेही अध्यक्ष होते. मालक म्हणून त्यांचे नुकसान झाले होते. अध्यक्ष म्हणून त्यांनी तो वाडीचा अपमान असल्याचे जाहीर केले. व्यापारातला तोटा आणि देशाची अब्रू या दोन गोष्टी एकाच माणसाच्या खिशात असल्या, की त्यांतली कोणती कधी बाहेर निघेल हे सांगता येत नाही.

पलीकडच्या होड्यांसाठी बर्फाचा भाव वाढला. उत्तरादाखल पलीकडे आमच्या होड्यांना धक्क्याला लागण्याचे शुल्क बसले. आम्ही बर्फ देणेच बंद केले. त्यांनी ट्रकने दुरून बर्फ मागवला. तो येईपर्यंत खरोखरच अर्धा पाणी होई, पण तो स्वाभिमानाचा बर्फ असल्यामुळे त्याबद्दल कोणी ब्र काढत नसे. या टप्प्यावर नफा फक्त ट्रकवाल्याला होत होता, आणि तो दोन्ही काठांवर थांबून मोठ्या आस्थेने परिस्थितीची चौकशी करी.

त्याच दिवसांत टपरीवरच्या दूरदर्शन संचावर एका बलाढ्य राष्ट्राने दुसऱ्यावर आयातकर लादल्याची आणि एका चिंचोळ्या समुद्रात लढाऊ जहाजे गेल्याची बातमी चालू होती. रेडीच्या बंदरात खनिज भरायला लागणारी जहाजे रोज पाहिलेली ही माणसे. समुद्री व्यापारावर त्यांचे मत पक्के होते.

"येवढे मोठे देश," अध्यक्ष बशीत चहा ओतत म्हणाले, "पण अक्कल बघा. गिऱ्हाईकाबरोबर कोण भांडता रे?"

"तां तर आसाच," टपरीवाला म्हणाला. "तुमचो बर्फ मगे कधी सुरू करतास?"

"तां वेगळा."

मी दोन्ही वाक्ये मनात नोंदवून ठेवली. आपले भांडण नेहमी तत्त्वाचे असते आणि दुसऱ्याचे पैशाचे, हा निष्कर्ष काढायला एवढा नमुना पुरेसा होता.

मग प्रकरण पाण्यावर गेले. आमच्या होड्या पर्यटक आणायला एकेकट्या जायच्या त्या जथ्याने जाऊ लागल्या, उद्देश संरक्षणाचा. पलीकडच्यांना तो हल्ल्याचा वाटला, म्हणून त्यांच्या होड्या खाडीच्या तोंडाशी घिरट्या घालू लागल्या; उद्देश अर्थातच संरक्षणाचा. कोणी तरी दुर्बीण आणली. दुसऱ्या काठाने तिच्याहून मोठी आणली. शेवटी एका दुपारी दोन होड्या एकमेकींना घासल्या. एका फळीचा रंग गेला, एक प्लॅस्टिकची खुर्ची पाण्यात पडली आणि घाटावरून आलेल्या एका पाहुण्याची टोपी वाहून गेली. संध्याकाळपर्यंत आमच्या काठावर बातमी होती, की त्यांनी आमची होडी बुडवली. पलीकडे बातमी होती, की आम्ही त्यांचा पाहुणा बुडवला. टोपीवाले गृहस्थ तोवर कोल्हापूरच्या वाटेला लागले होते. आपण युद्धाचे कारण झालो आहोत, हे त्यांना आजही माहीत नसावे.

अध्यक्षांनी मला बोलावून घेतले. खाडीचा नकाशा पुढे सरकवून म्हणाले, "तू पाण्याचा शास्त्र शिकलंस. आमचा पाणी खंयसर, तां ह्येच्यार रेघ मारून दाखव."

मी सांगितले, की जे पाणी सकाळी आपल्या काठाला असते, ते दुपारी त्यांच्या काठाला असते आणि ओहोटीत समुद्रात जाते; त्याला कोणाचे म्हणणार?

त्यांनी विचार केला. "मगे सकाळी मोज," ते म्हणाले.

दोन्ही काठांची निवेदने ओरोसला, जिल्हा कचेरीत पोहोचली. तिथल्या एका साहेबांनी दोन्ही शिष्टमंडळांना शुद्ध मराठीत सांगितले, की परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहोत. लक्ष ठेवून असलेल्याने काही करायचे नसते, एवढा आंतरराष्ट्रीय संकेत आमच्या लोकांनाही समजला, आणि ते परतले.

उरला देव. आमच्याकडे कोणतेही मोठे काम गाऱ्हाणे घातल्याशिवाय होत नाही: मानकरी देवापुढे उभे राहून एकेक मागणे मांडतात आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून रुकार देतो. त्या सकाळी सारी वाडी देवळात होती. मीही होते, वडिलांच्या बाजूला.

"बा देवा म्हाराजा, तू ह्या पाण्याचो राखणदार."

"व्हय म्हाराजा."

"दर्यात गेलेलो माणूस सुखरूप घराक येवंदे."

"व्हय म्हाराजा."

"लेकरांका दोन घास सुखाचे गावंदेत."

"व्हय म्हाराजा."

इथे अध्यक्ष मानकऱ्यांच्या कानाशी लागले. सूर तोच राहिला.

"पलीकडची होडी आमच्या पाण्यात शिरली, तर ती धडशी परत जाता नये."

"व्हय म्हाराजा."

"आणि आमची एकव होडी त्येंच्या काठाक लागाची नाय."

"व्हय म्हाराजा."

घरी येताना अर्ध्या वाटेवर मी म्हटले, "बाबा, आपली होडी रोज त्यांच्या काठाला लागते."

"लागता."

"आणि तुम्ही आत्ताच देवासमोर 'व्हय' म्हणालात."

ते थांबले. डोक्यावरची टोपी त्यांनी काढून पुन्हा घातली. "अगो बाय, तां कोण बोलूक जायत नाय. तां तोंडातसून आपसूक जाता."

"मग उद्या होडी?"

"उद्या कशी? देवाक शब्द दिलो." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तूय म्हटलंस गो."

मीही म्हटले होते. लय पक्की जमली, की विधान तपासावेसे वाटत नाही. युद्धाच्या घोषणा छापील निवेदनांतून होतात असा माझा समज होता. प्रत्यक्षात त्या तालावर होतात. पलीकडच्यांनीही त्याच दिवशी आपल्या धक्क्यावर उभे राहून, खाडीपलीकडच्या देवळाकडे तोंड करून, नेमके उलटे गाऱ्हाणे घातले. एकाच देवाकडे एकाच दिवशी दोन विरुद्ध अर्ज आले, आणि दोन्हींवर सर्वानुमते सह्या होत्या.

अमावास्या जवळ आली. मी अध्यक्षांकडे परवानगी मागितली. ते लगेच तयार झाले. बदल्यात पलीकडच्या होड्यांच्या डिझेलमुळे आमचे मासे मरतात एवढे मी माझ्या अहवालात लिहायचे होते. मी म्हटले, की डिझेल दोन्ही काठांचे सारखेच आहे. "तां लिवाक नको," ते समजुतीने म्हणाले. मी परवानगी घेतली नाही.

पलीकडे माझी आत्या दिलेली आहे. तिचा फोन आला. "तू येव नको गो. हंय तुका हेर म्हणतत. तुज्या बाटल्यांत मासे मारूचा औषध आसा म्हणे."

"आत्या, मी रिकाम्या बाटल्या आणते आणि भरून नेते."

"तांच म्हणतत. आमचा पाणी चोरून नेता म्हणान."

खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या पुलावरून वळसा घालून मी तिथे पोहोचलेही असते, पण नमुना होडीतूनच घ्यायचा होता, आणि हेराला होडीत घेणारा कोणी तिथे उरला नव्हता. वडिलांनी मात्र एक तोड काढली. आपण देवाला शब्द दिला तो काठाविषयी. खाडीच्या मध्याविषयी कोणी काही बोलले नव्हते. त्या भरतीला आम्ही मध्यापर्यंत गेलो. दोन्ही काठांवरून शिट्ट्या झाल्या, दोन्ही दुर्बिणी आमच्यावर रोखल्या गेल्या. मी आमच्या काठाचा आणि मधला असे दोन नमुने घेतले. तिसरे ठिकाण समोर स्पष्ट दिसत होते. इतके जवळ, की धक्क्यावर वाळत घातलेल्या साडीचे काठ ओळखू यावेत.

दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरने एक बरणी आणून दिली. आत्याने धक्क्याच्या पायरीवर उतरून, माझ्यासाठी, स्वतः पाणी भरले होते. बरणी कैरीच्या लोणच्याची होती. धुतलेली, पण आत्याच्या हिशेबाने धुतलेली. मोजून पाहिले, तर त्या पाण्याचा खारटपणा साऱ्या अरबी समुद्राला लाजवणारा होता आणि त्याला किंचित मेथीचा वासही होता. तो आकडा मी नोंदीत घातला नाही. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची सरासरी काढून जागा भरता आली असती. तशी ती अनेक जण भरतात. मी ती रिकामी ठेवली.

युद्ध संपले ते शहाणपणाने नव्हे. पर्यटकांच्या गाड्या दुसऱ्याच एका किनाऱ्याकडे वळल्या. तिथल्या लोकांनी काहीही न करता ते जिंकले. कारखान्यात बर्फाच्या लाद्या साठून राहिल्या, पलीकडे मासळी मऊ पडू लागली आणि ट्रकवाल्याने भाव वाढवला. आता दोन्ही काठांना शांतता हवी होती, पण देवासमोर दिलेला शब्द परत कसा घ्यावा हे कळेना. मार्ग मानकऱ्यांनीच काढला. दोन्ही वाड्या देवळात एकत्र आल्या.

"कळत नकळत लेकरांच्या तोंडातसून काय गेला असात, तां तू कानाआड कर."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. सूर तोच, जोर तेवढाच. अध्यक्षांचा आवाज सर्वांत मोठा होता.

बर्फाचा वाढीव भाव रद्द झाला आणि त्याच रकमेचा यंत्र देखभाल निधी सुरू झाला. धक्क्याचे शुल्कही रद्द झाले. आता तिथे सुशोभीकरण निधी घेतात. दोन्ही बाजूंनी विजय साजरा केला.

माझ्या भावी मार्गदर्शकांना मी रिकाम्या जागेचे कारण कळवले: दोन काठांमधला सशस्त्र तणाव, मूळ बर्फाच्या व्यापारात. हा संघर्ष कोणत्या दोन राष्ट्रांमधला, असे त्यांनी उलटटपाली विचारले. मी खरे ते लिहिले. जागा वर्षभर राखून ठेवू, पण मालिका पुन्हा पहिल्यापासून हवी, असे उत्तर आले. युद्धात तटस्थाला नुकसानभरपाई मिळत नाही. त्याला मुदतवाढ मिळते.

नव्या मालिकेच्या पहिल्या पौर्णिमेला वडिलांनी होडी पलीकडच्या धक्क्याला लावली. मी बाटली भरत असताना वर जाळे विणत बसलेला एक जण सहज म्हणाला, "तुमचो बर्फ हल्ली पांढरो दिसता गो. पाणी खंयचा घालतत?"

वडिलांनी ऐकले नाही असे दाखवले. मी बाटलीचे झाकण घट्ट केले, होडीतून एक खोका उचलला आणि थेट आत्याच्या घरी गेले. खोक्यात निर्जंतुक केलेल्या बाटल्या होत्या, दोरीसह, वर्षभर पुरतील एवढ्या. तिच्या होडीवाल्या दिरालाही मी बोलावून घेतले, आणि बाटली होडीतून कशी सोडायची ते पाटावर बसवून शिकवले. शेवटी आत्याला बजावले, "या धुवायच्या नाहीत. यांत काही ठेवायचे नाही."

आत्याने खोका फळीवर, लोणच्याशेजारी ठेवला. "बरणीक काय झाला होता?"

"मीठ होते, आत्या."

"मीठ तर खाडीच्या पाण्यातव आसा," ती म्हणाली, आणि मला जेवायला वाढू लागली.