कालवं काढायला

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या इतिहास सहलीत. सोलापूरहून निघताना आप्पांनी फोनवर एवढंच विचारलं, "तितलं पाणी गोड हाय का गं?" आप्पा, माझे वडील, मेंढरं राखतात. समुद्र त्यांनीही पाहिलेला नाही.

कोकणातलं लहानसं मच्छीमार गाव होतं. पडका किल्ला, जुनं जकातघर, दीपगृह, सगळं बघून झालं. आम्ही मुली ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या वहिनींना मी विचारलं, "आजी दिसत नाहीत?"

"कालवं काढायला गेल्यात."

मला इतकं बरं वाटलं! "आमच्याकडं बी कालवा काढलाय की. माझ्या जन्माआधीच. पाणी तेवढं आलं न्हाय अजून. तुमच्या कालव्याला येतं का?"

वहिनी हसत सुटल्या. "अगं, खायचं कालव! शिंपल्यातलं! तुमच्या सोलापुरात कालवे खातात काय?"

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी आजींबरोबर खडकांवर गेले. टोकदार लोखंडानं त्या दगडाला चिकटलेली शिंपली उघडायच्या. बहुतेकांत नुसता गाळ. बंदराचा धक्का वाढवल्यापासून तो इथंच येऊन बसतो म्हणे. टोपाचा तळसुद्धा झाकला नव्हता.

"यंदाही मिळाली नाहीत तर लेक घर बंद करून आम्हाला मुंबईला नेणार म्हणतोय," त्या म्हणाल्या. "तिथं मी काय काढू गो?"

मी त्यांना आप्पांचं सांगितलं. दर उन्हाळ्यात ते शेताजवळच्या कोरड्या कालव्यात उतरतात, आतली काटेरी झुडपं तोडतात. पाणी आलंच तर अडायला नको म्हणून.

"येईल म्हणतो तुझा बाबा?"

"व्हय. दरसाल म्हणतात."

आजींनी टोपात पाहिलं. "मी पण सुनेला तसंच सांगते."

भरती चढू लागली तशा आम्ही परत फिरलो. सरांना मी किल्ल्यावर चार पानं लिहून दिली. आजींबद्दल काही लिहिलं नाही. तो इतिहास आहे का, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

पावसाळ्याआधी वहिनींचा फोन आला, मुंबईहून. घर बंद केलं होतं.

"सासूबाई विचारतायत, तुमच्या कालव्याला पाणी आलं का?"

"अजून न्हाय," मी म्हणाले.