दयारामभाऊंचं ठरलेलं भाषण

वटारचे दयारामभाऊ कलमं बांधतात. चिकू, जाम, सोनचाफा, काहीही द्या. त्यांच्या हातचं कलम सहसा दगावत नाही. कृषी कॉलेजची मुलं दरवर्षी बस भरून येतात आणि त्यांच्याकडून शिकून जातात. त्यामुळे समाजाच्या गुणगौरव समारंभात, मुलांना प्रमाणपत्रं वाटून झाली की भाऊंचं भाषण ठरलेलं. "वडील एकटे, वाडी मोठी. चार दिवस कॉलेजात गेलो आणि वडिलांसाठी परत आलो. काय अडलं माझं?" टाळ्या पडायच्या. वीस वर्षं लोक तेच ऐकत होते आणि भाऊ दरवेळी नव्याने छाती फुगवत होते. आपलीच गोष्ट सांगून कंटाळलेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही.

यंदा घरात वेगळंच घडलं. त्यांची मुलगी रिद्धी कृषी पदवीच्या पहिल्या वर्षाला होती, हॉस्टेलवर राहायची. दिवाळीला आली ती सुट्टी संपली तरी परत जाईना. सोमवारी हजर झाली नाही तर नाव कमी करू, असं कॉलेजने कळवलं. समारंभ रविवारी संध्याकाळी होता. त्या दिवशी सकाळी रोपांना पाणी घालता घालता भाऊंनी विचारलं, "बॅग कधी भरणार, बाय?"

"मी नाही जात, पप्पा. तुमचे गुडघे दुखतात. नर्सरीला माझी गरज आहे."

बोलताना तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. असंच वाक्य अठराव्या वर्षी भाऊंनी स्वतः जुळवलं होतं.

"वर्गात काय झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

तिचे डोळे भरून आले. "सगळं इंग्लिशमध्ये चालतं. एकदा उत्तर दिलं तर सगळे हसले."

भाऊंनी झारी खाली ठेवली. दिवसभर त्यांना जेवण गेलं नाही.

संध्याकाळी हॉल भरलेला होता. रिद्धी आईशेजारी बसली होती. भाऊंनी माईक धरला, घसा खाकरला.

"मी तुम्हाला खोटं सांगत आलो," ते म्हणाले. "वडिलांनी मला बोलावलं नव्हतं. मला इंग्रजी कळेना, मुलं हसली, पाचव्या दिवशी मी पळून आलो. गावात सांगितलं, वाडीला माझी गरज आहे. मग गावाने माझ्या वडिलांना बोल लावला, जगन्नाथने पोराचं शिक्षण बुडवलं म्हणून. ते मरेपर्यंत ऐकून घेत राहिले. पोरगा खोटं बोलतोय, असं एकदाही म्हणाले नाहीत."

भाऊंनी माईक दुसऱ्या हातात घेतला.

"कॉलेजशिवाय माणूस उभा राहतो. मी राहिलो. पण पळून आलेल्याने ते व्यासपीठावरून सांगू नये."

यावेळी टाळ्या पडल्या नाहीत. अध्यक्ष घाईघाईने आभाराला उठले. भाऊ खाली उतरले. खरं बोलल्याने मन हलकं होतं म्हणतात. त्यांचं झालं नाही.

घरी आल्यावर रिद्धी ओट्यावर त्यांच्याजवळ येऊन बसली. "आणि मी उद्या नाहीच गेले तर?"

"तर लोक मला बोल लावतील. माझे बाबा गप्प राहिले, मी नाही राहणार. शिकून तुला नर्सरीच करायची असेल तर ती तुझीच आहे. नापास झालीस तरी दार उघडं आहे. फक्त माझे गुडघे पुढे करू नकोस."

बराच वेळ ती पायाच्या अंगठ्याने ओट्यावरची माती उकरत राहिली. मग म्हणाली, "सोडायला याल?"

"येईन की. गेटपर्यंत येईन. मला सोडायला बाबापण..."

पुढे त्यांना बोलवेना. बाप गेल्याला चौदा वर्षं झाली होती, आणि त्या संध्याकाळी दयारामभाऊ पहिल्यांदा त्याच्यासाठी रडले.