घराबाहेर सांगायचं दुखणं

आमच्या घरात तांदूळ संपत नाहीत, वाढतात. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. हे तसं बहुतेक घरांत असतं, माझ्या माहेरीही होतं, पण सासूबाईंनी त्याचा पार कायदा करून टाकला होता. वास्तुपुरुष दिवसभर तथास्तु म्हणत असतो, त्यामुळे घरात वाईट काही तोंडातून काढायचंच नाही, असं त्यांचं म्हणणं. लग्न होऊन आले तेव्हा मला याची गंमत वाटायची. मी पाचवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते आणि दिवसभर बोलून घसा बसवून घेते. मला गप्प करणं माझ्या आईला कधी जमलं नव्हतं, ते सासूबाईंना जमेल असं मला मुळीच वाटलं नव्हतं.

मला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि त्यांना ते जमलं.

पहिल्या वेळी मला काही म्हणजे काही झालं नव्हतं. ना उलट्या, ना पाय सुजले. नववा लागेपर्यंत शाळेत जात होते, मग रिवाजाप्रमाणे देवळाली कॅम्पला माहेरी गेले, आणि मुलगी झाली. दुसरं बाळंतपण सासरी. म्हणजे जेलरोडला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये. पाचवा महिना संपला आणि दुखायला सुरुवात झाली. आधी उजव्या जांघेत, आतून कोणी दोरी ओढावी तसं. मग ते डाव्या बरगडीखाली गेलं. मग माकडहाडात, मग पोटऱ्यांत. दोन दिवस अगदी बरं जायचं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाय जमिनीला टेकववत नसे. एकाच जागी दुखलं असतं तर मी कदाचित इतकी घाबरले नसते.

डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं, लघवी तपासली, सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल. त्यांनी समजावलंही नीट, की दुसऱ्या वेळी शरीर आधीच सैल झालेलं असतं, सांधे आणि स्नायू लवकर कुरकुर करतात. पण मग बरगडी का, पोटऱ्या का, आज इथे आणि उद्या तिथे का, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. वर म्हणाल्या, चिंता कमी करा. चिंता काय मीठ आहे, कमी टाकायला? घरी येईपर्यंत मी नवऱ्याच्या पाठीमागे स्कूटरवर बसून एकटीच चरफडत होते.

त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात मी सहज बोलून गेले की आज पोटात काहीतरी वेगळंच दुखतंय, बाळाला काही झालं तर नसेल ना. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं टाकून त्या आल्या आणि त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. कणकेचा हात. घरात असलं पुन्हा बोलू नकोस म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते, भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण त्या माझ्या पोटाकडे बघत होत्या. मी मान हलवली आणि तोंड धुवायला गेले.

तेव्हापासून माझं दुखणं पार्किंगमध्ये सांगायची पद्धत पडली. नवरा सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला. पहिली पाळी असली की संध्याकाळी घरी असायचा. चहा झाला की आम्ही तीन मजले उतरून खाली जायचो, मी स्कूटरच्या सीटवर टेकायची आणि तो समोर उभा राहून ऐकायचा. आज कुठे, किती वेळ, किती जोरात. हातवारे करून बोलायची मला सवय. तळमजल्यावरच्या काकूंनी एकदा मला बाजूला घेऊन समजूत घातली, की नवरा-बायकोत व्हायचंच, पण तुझ्या या अवस्थेत त्याने जरा दमानं घ्यायला हवं. आम्ही दोघं त्यावर दोन दिवस हसलो. पण तो अर्धा तास सोडला तर बाकीचा सगळा दिवस मी तोंड मिटून होते, आणि मिटल्या तोंडाने भीती कमी होत नाही, उलट फुगते. वर्गात फळ्याकडे तोंड करून मी बरगडीवर हात दाबून उभी राहायची. मधल्या सुट्टीत मोबाइलवर नको ते वाचायची. हे बाळ राहणार नाही, अशी एक भीती माझ्या मनात बसली होती. ती मी पार्किंगमध्येसुद्धा बोलले नाही.

सासूबाईंचं वागणं मला कळत नव्हतं. त्या विचारत कधीच नसत. पण माझा हात कमरेवर गेला की दहा मिनिटांत गरम पाण्याची पिशवी कमरेशी हजर. पोटरी चोळताना दिसले की कोमट तेलाची वाटी. दिसतंय सगळं आणि विचारायला मात्र जीभ उचलत नाही, याचा मला भयंकर राग यायचा. तेल लावून घ्यायची मी, पण धुसफुसतच.

आठवा महिना संपत आला होता. मी रजेवर होते. एका शनिवारी सकाळी उठले आणि काहीच दुखेना. जांघ नाही, बरगडी नाही. मी उठून दोन पावलं चालून पाहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी गाणं गुणगुणत घर झाडलं. मुलीला न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या. नवरा पहाटेच कंपनीच्या बसने गेला होता, नाहीतर त्याला नाचूनच दाखवलं असतं.

दहाच्या सुमाराला सासूबाई आणि मी मेथी निवडायला बसलो. निम्मी जुडी झाली असेल, तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाळ हललेलं नाही. सकाळच्या चहानंतर ते रोज ठरल्यासारखं बरगडीला ढुशा द्यायचं. आज चहा झाला, आंघोळ झाली, नाश्ता झाला, आणि काही नाही. मी गार पाणी प्यायले. गुळाचा खडा तोंडात टाकला. डाव्या कुशीवर आडवी झाले आणि पोटावर दोन्ही हात ठेवून वाट पाहिली. पोट नुसतं जड होतं.

आणि मी गप्प बसले. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. सासूबाई दोन हातांवर होत्या. मुलांना अंधश्रद्धेचा धडा शिकवणारी बाई मी, वास्तुपुरुषाची टिंगल करणारी, आणि मला तोंड उघडवेना. म्हटलं आणि तसंच झालं तर? मी मेथीची पानं खुडत राहिले. घड्याळात साडेअकरा झाले. मग मी खाली जाऊन येते म्हणाले आणि कठड्याला धरून तीन मजले उतरले. बाळ हलत नाही हे सांगायला आधी घराबाहेर पडायचं, हा वेडेपणा मी शुद्धीत असताना केलेला आहे.

खाली येऊन नवऱ्याला फोन लावला. त्यांचे मोबाइल कंपनीच्या गेटवर जमा करून घेतात, त्यामुळे तो बंद. डॉक्टर मॅडमचा नंबर सारखा बिझी. तिसऱ्यांदा भलताच नंबर लागला. तेवढ्यात जिन्यात चपलांचा आवाज आला. सासूबाई उतरत होत्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. गुडघ्यांमुळे त्या लग्नकार्य सोडलं तर खाली उतरायच्याच नाहीत. एका हातात कठडा आणि दुसऱ्या हाताने छातीशी धरलेली माझी दवाखान्याची फाइल. मुलीला त्यांनी दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे सोडलं होतं. त्यांना वरच कळलं होतं, मी कुशीवर आडवी झाले तेव्हाच.

“आता बोल,” त्या म्हणाल्या.

“आई, बाळ हलत नाहीये. सकाळपासून.”

त्यांनी रस्त्यावर जाऊन रिक्षेला आडवा हात केला. दत्तमंदिरच्या सिग्नलला रिक्षा अडकली आणि तिथे त्या बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता, समोरच्या ट्रककडे बघत. माझ्या नवऱ्याच्या पाठीवर त्यांनाही दिवस होते. आठव्या महिन्यात एक दिवस बाळ हलेना. त्या चुलीपुढे बसून बोलून गेल्या, हे गेलं की काय. त्यांच्या सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, बोललीस ना अवदसे, ऐकलं वास्तूने. बाळ गेलं. मग कोणी कधी विषय काढला नाही, पण त्यांच्या तोंडाने बाळ खाल्लं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही.

तो कणकेचा हात मला तेव्हा कळला. माझ्या बाळाला त्या माझ्याच तोंडापासून जपत होत्या. मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि दोन्हीपेक्षा भीती मोठी होती. सिग्नल सुटला.

दवाखान्यात सिस्टरने पोटाला पट्टा बांधला. यंत्रातून आधी एक संथ आवाज आला. तो तुमचाच आहे, ती म्हणाली, आणि पट्टा सरकवत राहिली. इथे नाही, तिथे नाही. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मग अगदी खाली, जांघेजवळ, भराभर ठोके ऐकू आले. मी रडायला लागले. पण मॅडम आल्या, कागदाची पट्टी त्यांनी दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि त्या हसल्या नाहीत. ठोके आहेत, म्हणाल्या, पण मला हवे तसे नाहीत, थोडी वाट बघू. सलाईन लावलं, कुशीवर झोपवलं. चार वाजेपर्यंत मी त्या आवाजावर कान लावून होते. तो मध्येच मंदावला की मी ठोके मोजायला लागायची. चारला तो मंदावला आणि पटकन वर आला नाही. मॅडमनी सिझरचा निर्णय घेतला. पाळी सुटल्यावर मिस्ड कॉल पाहून नवरा सिन्नरहून पोचला तेव्हा मला आत नेत होते.

मुलगा झाला. लहानसा, सुरकुतलेला, आणि रडला. नऊ दिवस काचेच्या पेटीत होता. आता तो अडीच वर्षांचा आहे आणि कुणाला आवरत नाही. वार थकली होती, बाळाला पुरेसं पोचत नव्हतं, असं मॅडमनी सांगितलं. आणि माझ्या दुखण्यांचं काय, विचारलं, तर त्यांचा याच्याशी संबंध दिसत नाही म्हणाल्या. तीन महिने मी ज्याला घाबरले ते काहीच नव्हतं, आणि घाबरायचं होतं त्या दिवशी काही दुखत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम राउंडला आल्या. माझे टाके पाहून निघाल्या होत्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांना थांबवलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं, “बाई, वाईट बोलल्याने पोटातलं बाळ जातं का हो?”

मॅडम दारातून परत आल्या. त्यांनी घाई केली नाही. सगळं विचारून घेतलं, कितवा महिना, केव्हाची गोष्ट. मग म्हणाल्या, “हलत नाही असं तुम्ही बोललात, त्यानंतर दवाखान्यात कधी नेलं?”

“नेलं नाही. सासूबाई तोंड आवर म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी नेलं.”

“मग तुमच्या बोलण्याने नाही गेलं, आजी. तुम्ही वेळेवर बोलला होतात. कोणी ऐकलं नाही.”

मॅडम गेल्यावर सासूबाई स्टुलावर बसल्या. बोटाला गुंडाळलेला पदर सोडवत राहिल्या. मग त्या हळूच म्हणाल्या, “मुलगी होती. लय केस होते तिला. नेताना मी पाह्यले.”

मी विचारलं, नाव ठरवलं होतं का. त्यांनी मान हलवली आणि नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. चौतीस वर्षांत ते त्यांनी कधीच उच्चारलं नव्हतं, घरातही नाही आणि घराबाहेरही नाही.