हबीबचाचा आणि दांडीतला खेय

हबीब मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चक्क डोळे मिटून बसले होते. अकोल्याच्या त्यांच्या गॅरेजात मी काम मागायला गेलो होतो. एका जुन्या जीपमध्ये, गिअरच्या दांडीवर हात ठेवून, स्वारी निवांत. मला वाटलं, झाली वामकुक्षी सुरू! बऱ्याच वेळानं डोळे उघडून ते म्हणाले, "गाडीचं ऐकून राहिलो होतो. बस." त्या ‘बस’वर मी सहा वर्षं बसलो. आज चाचांना पंचाहत्तरावं वर्ष लागलं आहे. त्यांच्या गुणांवर लिहा, असं या गौरवग्रंथाचे संपादक म्हणतात. गुण पुष्कळ आहेत. मी एकच दुपार सांगतो.

मी अमरावतीत स्वतःचं गॅरेज टाकलं त्यानंतरची ही गोष्ट. देशमुख डॉक्टरांची लाल, उघड्या टपाची, दोघांपुरती जुनी स्पोर्ट्‌स कार माझ्याकडे आली. डॉक्टरांच्या पत्नी कुमुदताईंना चालता येत नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टर त्यांना शेजारी बसवून बडनेऱ्याकडे एक फेरी मारत. ताई मान मागे टेकून नुसतं आभाळ बघत राहत. आठवड्यातलं त्यांचं बाहेर पडणं एवढंच.

त्या गाडीत पहिला गिअर टाकावा तर तिसरा पडू लागला. मी मोठ्या रुबाबात सांगून टाकलं, "गिअर बॉक्स गेला." खोलला, तर आत सगळं ठणठणीत! मुकाट्यानं बंद केला, पण तोंड उघडायची हिंमत झाली नाही. जुन्या गाडीचे पार्ट मिळणार नाहीत म्हणून डॉक्टरांनी ती विकायला काढली. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं. माझं धाबं दणाणलं आणि मी चाचांना फोन लावला.

चाचा एसटीनं आले. चहासुद्धा न घेता गाडीत बसले, दांडीवर तळवा ठेवला, डोळे मिटले. दुपार पेंगुळली होती, बाहेरच्या लिंबाची सावली बॉनेटवर हलत होती. चाचा दांडी हळूच डावी-उजवीकडे नेत राहिले. मीही त्या लयीत कुठेतरी हरवलो.

"दांडीत खेय आला," ते म्हणाले. खेय म्हणजे खेळ, ढिलाई. मग गाडीखाली शिरून त्यांनी विचारलं, "गिअर बॉक्स काहून खोलला?"

"मी नाही खोलला, चाचा."

गिअर बॉक्सच्या जोडावर, बंद करताना मीच फट बुजवायला लावलेलं ताजं सीलंट चमकत होतं. चाचांनी त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि रॉड चाचपायला घेतला.

दांडीपासून गिअर बॉक्सपर्यंत जाणाऱ्या रॉडच्या सांध्यांत दोन बुश होते, बोटातल्या अंगठीएवढ्या कड्या. झिजून त्यांची भोकं लांबट झाली होती. बस, एवढंच दुखणं! चाचांनी शेजारच्या लेथवर नायलॉनचे नवे बुश कातले, ग्रीस लावून बसवले, रॉड जुळवला. पहिला गिअर असा अलगद पडला की मला भरून आलं.

गिऱ्हाईकाला नकार कळवून डॉक्टर ताईंना घेऊनच आले. "हबीबभाई, गिअर बॉक्समध्ये काय निघालं हो?"

"याले इचारा," चाचा म्हणाले.

"किरकोळ होतं," मी म्हणालो. शरम वाटायला हवी होती, पण सुटल्यासारखं वाटलं. लाल गाडी उन्हात विरघळल्यासारखी दूर गेली. ताईंचा पदर तेवढा बराच वेळ दिसत राहिला.

एसटी स्टँडवर चाचा एवढंच म्हणाले, "गाडीतला खेय मी काढला बेटा. तुयातला तुले काढा लागते. सांगजो त्यायले." नंतर एकदाही त्यांनी आठवण दिली नाही. चारचौघांत माझी लाज राखली. हीच त्यांची माया, आणि तिनंच मला इतकी वर्षं छळलं.

चाचांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, त्यांचा हात असाच शांत राहो. हा ग्रंथ देशमुख डॉक्टरांच्याही हाती पडणार आहे. डॉक्टरसाहेब, तुमच्या गिअर बॉक्सला काहीच झालं नव्हतं. मी चुकीचं निदान केलं, तो उगाच खोलला, आणि माझ्या गप्प बसण्यापायी तुमची गाडी विकली जाणार होती. मला माफ करा.

चाचा, सांगितलं.