आदूअण्णांच्या टेबलावरचे बूट

आदूअण्णांच्या टेबलावरचे ते बूट मी धुतले. नुसते धुतले नाहीत, शाळेत शनिवारच्या कवायतीआधी करायचो तसे खडू भिजवून पांढरेही केले आणि उन्हात वाळत घातले. काम नीट झालं म्हणून मला समाधानसुद्धा वाटलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. अण्णांबद्दल चांगलं लिहीत गेलो, तर शेवटी हे सांगायची हिंमत माझ्यात उरणार नाही.

सांगलीत एसटी स्टँडच्या मागे अण्णांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. मी अक्षरं काढायचो, ते चित्रं. घर जैन, चामडं पायात घालायचे नाहीत. त्यामुळे बारा महिने त्यांच्या पायात कॅनव्हासचे बूट. दुकानात कुणी आलं की ते आधी पायांकडे बघायचे, मग तोंडाकडे. एकदा एक कंडक्टर प्यायला पाणी मागायला आला.

"डाव्या पायावर भार दिऊन हुबं ऱ्हाताय व्हय?" अण्णांनी विचारलं.

"व्हय. तुमाला कसं कळलं?"

"बूट सांगतोय की. काढा जरा. च्या सांगतो."

तो बिचारा अनवाणी बाकावर चहा पीत बसला आणि अण्णांनी प्लायवूडच्या तुकड्यावर त्याचे बूट रंगात उतरवून घेतले. तिकिटाचा एक चिठोरा टाचेखाली चिकटला होता, तोही सोडला नाही.

असे तुकडे मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेले असत. पहिलवानाचे बूट, पीटीच्या मास्तरांचे बूट, अंगठा बाहेर आलेला एका पोस्टमनचा बूट. लोक हसायचे. "अण्णा, पायताणाचं चित्र घरात कोण लावंल? लक्ष्मी जाईल की!"

"आमच्यात कवा आल्ती ती, जायाला?" अण्णा म्हणायचे.

पोट भरायचं ते नव्या बुटांवर. पेठेतल्या बुटांच्या दुकानाचा बोर्ड दर दिवाळीआधी आम्हीच रंगवायचो. तो रंगवताना अण्णा बिडी ओढत गप्पा मारायचे. "नव्या बुटाला काय बोलायचं असतंय? वरीसभर पायात घाल, मग तोंड उघडतो बघ." मात्र त्या बोलणाऱ्या बुटांचं चित्र कधी कुणी मागितलं नाही. याचं त्यांना वाईट वाटायचं. हसून दाखवायचे, पण मी रोज शेजारी बसत होतो.

मग हौसाक्का आली. कडेगावकडची, उसाच्या रानात राबणारी बाई. तिचा एकुलता मुलगा पलटणीत होता, लढाईत गेला. देहसुद्धा गावाला आला नव्हता. गणवेशातला फोटो होता, तो मोठा करून घ्यायला ती आली असणार असं मला वाटलं. तिनं पिशवीतून बूट काढले. कॅनव्हासचे, मातकट. उजव्याची करंगळीकडची बाजू फाटलेली.

"भरतीसाटनं पळायचा ह्यात. कालव्याच्या रस्त्यानं, पाक अंधार पडस्तवर. माती बी तिथलीच हाय. एकावर उंदरं लागल्यात आता. हे हायती तवर त्यो हाय. मग काय, दादा? ह्येंचं चित्तर काढून द्या."

"फोटो हाय की, आक्का," मी मध्येच म्हणालो.

"फोटुतला सरकारचा हाय. ह्यो माझा."

अण्णांनी बूट दोन्ही हातांनी घेतले. त्या दिवशी त्यांनी दुसरं काम केलं नाही. दोन-तीन दिवसांत पेन्सिलीनं आखणी झाली. रंग लावणार, तेवढ्यात जतहून बहीण आजारी असल्याचा निरोप आला. जाताना म्हणाले, "वसंता, त्या बुटांस्नी हात लावू नगंस."

मला वाटलं, जागेवरून हलवू नको म्हणतायत. रेषा तर काढून झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बुटांच्या दुकानाचे मालक बोर्ड बघायला येणार होते आणि टेबलावर हे चिखलाचे बूट. शिवाय, आईला पोराची वस्तू स्वच्छ मिळावी असंही मनात आलं. ते खोटं नव्हतं. पण आधी मनात मालक आले होते, हेही खरं.

अण्णा परतले. बूट हातात घेऊन आत बघितलं, नाकाशी नेले. ओरडले नाहीत.

"तू त्याला आंगूळ घातलीस, गड्या," एवढंच म्हणाले.

हौसाक्का आठवड्यानं आली. तिनंही बूट नाकाशी नेला आणि तसाच धरून उभी राहिली.

"कुणी केलं ह्ये?"

मी पाटीवर अक्षर भरत होतो. भरतच राहिलो.

"म्या धुतलं, आक्का," अण्णा म्हणाले.

ती अण्णांना जे बोलली ते मी लिहू शकत नाही. त्यांच्या हाताला किडे पडोत, हे त्यातलं सौम्य. बूट टेबलावर टाकून जाता जाता म्हणाली, "दुकानातल्यावानी नवं केलंस की. नवं घिऊन काय करू?"

मी म्हणालो, "अण्णा, मी सांगतो तिला."

"तिनं माझ्याकडं दिलं व्हतं, तुज्याकडं न्हाई."

"आखणी हाय की. माती मनानं रंगवा."

"मग ती माज्या मनातली माती. त्यात तिचा पोरगा पळाला न्हाई."

ते चित्र आखणीतच राहिलं. त्यानंतर अण्णांनी कुणाचे जुने बूट मागितले नाहीत. कुणी आत आलं तर तोंडाकडे बघून बोलायचे. नवे बूट मात्र रंगवत राहिले, चकचकीत, सगळे एकसारखे. पुढे छातीचं दुखणं लागलं आणि मिरजेच्या दवाखान्यातच ते वारले. शेवटच्या दिवसांत मी रोज जात होतो. रोज त्या बुटांचं बोलायचं ठरवायचो आणि पेपरातल्या बातम्या सांगून परत यायचो.

दुकान आवरताना फळीवर ते बूट सापडले. खडू पिवळा पडला होता. पिशवीत घालून कडेगावची एसटी धरली. हौसाक्का दारात शेंगा फोडत बसली होती. मला ओळखलं.

"पेंटर हाय का अजून?"

"गेलं, आक्का."

"गेला?" तिनं शेंगेचं टरफल लांब फेकलं. "माजं बोलणं लागलं म्हण की."

"आक्का, बूट अण्णांनी धुतलं नव्हतं. म्या धुतलं. तवा तितंच बसलो हुतो, बोललो न्हाई. तुमची माफी मागाय आलोय."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. पिशवीकडे तिनं बघितलंही नाही.

"आन् आता त्येंची माफी म्या कुटं जाऊन मागू रं?"