टँकरच्या पाण्याची कळशी

आज इथे अमेरिकेत, आमच्या श्रूजबरी गावात, टाउनवाले पाण्याचे पाइप फ्लश करत होते. किचनचा नळ सोडला, क्लोरीनचा वास आला आणि मी थेट नाशिकच्या आमच्या तेव्हाच्या नव्या कॉलनीत पोचलो. मी कॉलेजात होतो. नळाला जेमतेम अर्धा तास पाणी यायचं आणि मी लाइनला चोरून मोटर लावायचो. मग शेजारचा नळ कोरडा पडायचा.

त्या सकाळी शेजारच्या सुमनकाकू दारात आल्या. "तुमच्याकडे येतंय का रे पाणी?"

"नाही हो काकू," मी म्हणालो. माझ्या मागे, मोरीच्या बंद दाराआड, आमचं पिंप भरत होतं.

काकू घरी गेल्या आणि टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेल्या पाण्यातली एक कळशी घेऊन आल्या. मी ती घेतली. तिचा गार, ओला काठ अजून बोटांना आठवतो.

तीस वर्षं कुणाला बोललो नाही. आज काकूंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"माहीत होतं की!" काकू हसल्या. "तुझी मोटर लागली की आमचा पाइप गुरगुरायचा."

"मग कळशी का दिलीत?"

"म्हटलं, लाजेनं तरी मोटर काढशील. आणि काढलीस की रे! दुसऱ्या दिवसापासून आमचं पिंप भरायला लागलं. आता तर नवी टाकी झालीय, दिवसभर पाणी असतं."

फोन ठेवून कितीतरी वेळ मी एकटाच हसत बसलो. खरंच, मोटर मी काढली होती. इतकी वर्षं ते खोटं तेवढं जपलं आणि हे साफ विसरलो होतो.